चोर्ल्याच्या वाटेवरचा पिवळा दिवा

बेळगावकराला गोव्याला जायचे तर तीन वाटा. खानापूर-लोंढ्यावरून अनमोड घाट, सावंतवाडीच्या अंगाने आंबोली घाट आणि जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट. ज्याची माणसे मडगावकडे, तो अनमोडने उतरतो. आमची आत्या साखळीला, त्यामुळे आमच्या घरात गोव्याचा रस्ता म्हटला की तो चोर्ल्याचाच. उद्यमबाग मागे टाकायची, पिरनवाडीला खानापूरचा रस्ता सोडायचा आणि किणयेच्या पुढे गेले की गाडीच्या काचा खाली करायच्या. उन्हाळ्यातही तिथे वाऱ्याला वेगळा वास असतो.

गेल्या मे महिन्यात आत्याचे सहस्रचंद्रदर्शन होते. ओवाळणीची वेळ अकराची. पहाटे साडेपाचला निघायचे, साडेआठपर्यंत साखळी गाठायची, असा बेत होता. मागच्या सीटवर कुंद्याचे दोन डबे, मांड्यांची पेटी आणि आमच्या सौ.च्या गोकाकच्या माहेरचे करदंट. ही शिदोरी घेतल्याशिवाय बेळगावचा माणूस गोव्यात पाऊल टाकत नाही.

प्रश्न होता तो गाडीचा. आमची गाडी २०१७ सालची, पेट्रोलवर चालणारी, दुसऱ्या हाताने घेतलेली. ऐंशी हजार किलोमीटर कधीच ओलांडलेले. एप्रिलपासून ती सकाळी सुरू होताना झटके देत होती. गॅरेजला टाकायची म्हणत होतो, तेवढ्यात आमच्या चिरंजीवांनी ती ताब्यात घेतली. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. दोन विषय राहिले होते. निकालापासून घरात बोलणे कमी झाले होते. जेवायला बसायचा, हात धुवायचा आणि अंगणात जाऊन बॉनेट उघडायचा. सौ. म्हणाली, "करू दे. खोलीत पडून राहण्यापेक्षा बरं." मी गप्प राहिलो, पण मनातून मला ते पटलेले नव्हते.

त्याने चारही प्लग नवे आणून बसवले. गाडी सुरू केली आणि समोर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा चक्क लुकलुकू लागला. आधी निदान झटकेच होते, आता दिवाही! मी काही बोलणार, इतक्यात शेजारचे मामा कुंपणावरून डोकावले. हे मामा उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये आयुष्यभर फिटर होते. बोलणे अर्धे कन्नड, अर्धे मराठी. ते म्हणाले, "नोडप्पा, काल गाडी झटके देत का असेना, दिवा नव्हता. आज दिवा आला. मध्ये काय झालं? तुझा हात लागला. मग जिथं हात लावलास तिथंच आधी बघ की. बाकीच्या इंजिनाला कशाला छळतोस?"

बेळगावच्या कारखान्यांत वाढलेल्या माणसाचे हे शहाणपण. चिरंजीवाने ते ऐकले. त्याच्याकडे काडेपेटीएवढे एक यंत्र होते. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे एक सॉकेट असते, त्यात ते लावायचे आणि मोबाईलशी जोडायचे. त्यावर संकेतांक आला, पी ०३०२. यातला 'पी' म्हणजे इंजिन-गिअरचा विभाग, शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना समान असलेला संकेतांक, तीन म्हणजे ठिणगीचे खाते आणि शेवटचे दोन म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर. अर्थ असा, की दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही.

पण का पेटत नाही, हे तो आकडा सांगत नाही. इथेच बरीच माणसे फसतात आणि दुकानात जाऊन महागडी कॉइल घेऊन येतात. मामांनी एक पैसा न खर्चता तपासायची रीत सांगितली. दोन नंबरची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर लाव. संकेतांक ०३०३ झाला तर दोष कॉइलबरोबर गेला. ०३०२ च राहिला तर कॉइल निर्दोष. तो ०३०२ च राहिला. मग त्याच पद्धतीने प्लगची अदलाबदल केली आणि दोष प्लगबरोबर तीनवर गेला. बाहेर काढून उन्हात धरला तर पांढऱ्या चिनी मातीवर केसाएवढी चीर. बसवताना तो फरशीवर पडला होता, हे चिरंजीवाला तेव्हा आठवले. मामा एवढेच म्हणाले, "पडलेला प्लग नवा नसतो." दुसरा प्लग आणला, आधी हाताने आटे बसवून मग पान्याने घट्ट केला. गाडी शिलाई मशीनसारखी चालू लागली.

हे सगळे मी पाहिले होते. तरीही साखळीला भाड्याची गाडी करू, असे मी म्हणालो. तो खाली बघत म्हणाला, "आपलीच नेऊया की पप्पा." सौ.ने माझ्याकडे असे पाहिले की मी होकार दिला.

आता त्या दिवशीचे सांगतो. किणये मागे पडले, चढ सुरू झाला, उजाडत होते आणि तो पिवळा दिवा पुन्हा लागला. लुकलुकत नव्हता, स्थिर होता. गाडी नेहमीसारखीच चालत होती. पण माझ्या डोळ्यांपुढे घाटात बंद पडलेली गाडी, वितळणारा कुंदा आणि ताटकळलेली आत्या एकाच वेळी उभी राहिली. तोंडातून निघून गेले, "दोन विषय सोडवता येईनात आणि निघाला इंजिन सोडवायला!"

गाडीत एकदम शांतता झाली. सौ. हळूच म्हणाली, "री, सुम्न इर्री." पण शब्द गेला तो गेला. आरशात मला त्याचा चेहरा दिसला. तो खिडकीबाहेर बघत होता.

जांबोटीला पोहोचेपर्यंत कोणी बोलले नाही. चहाच्या टपरीजवळ मी गाडी बाजूला घेऊ लागलो, तेव्हा तो तेवढे म्हणाला, "पाचोळ्यावर नको, पप्पा. मोकळ्या जागेवर लावा." बरोबरच होते. इंजिनातून निघालेला धूर स्वच्छ करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गाडीच्या पोटाशी असते आणि ते भयंकर तापते. मे महिन्यात जांबोटीच्या रानात साग-जांभळाचा पाचोळा कुरकुरीत झालेला असतो. पेट घ्यायला वेळ लागत नाही.

टपरीवर एक लॉरीवाले चहा घेत होते. उघडलेले बॉनेट दिसले की आपल्याकडे कोणी लांब राहत नाही. ते आले, वाकून बघितले आणि उपाय सांगितला, "बॅटरी वायर तेगीरी, लाइट होगतैती." सौ. हातात कप घेऊन उभी होती. ती म्हणाली, "लाइट होगतैत्री, रोग होगतैतेन्री?" लॉरीवाले मनापासून हसले. 'रोग' हा शब्द दोन्ही भाषांत एकच असल्याने मलाही हसू आले.

ती हसण्यावारी म्हणाली, पण त्यात फार मोठी गोष्ट होती. बॅटरीची तार काढली की बहुतेक गाड्यांत दिवा जातो हे खरे. पण त्याबरोबर साठवलेला संकेतांकही पुसला जातो. म्हणजे आलेले पत्र न वाचताच फाडून टाकल्यासारखे. शिवाय इंजिनाच्या संगणकाने आपल्या गाडीच्या सवयी ओळखून जे बारीकसारीक जमवून घेतलेले असते तेही जाते आणि थोडे दिवस गाडी अडखळल्यासारखी वाटते. दोष मात्र तिथेच राहतो आणि दिवा पुन्हा लागतो.

हा दिवा आला तरी कुठून? अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात मोटारींच्या धुराने लोकांचे डोळे चुरचुरू लागले, तेव्हा तिथल्या सरकारने मोटार कंपन्यांना सांगितले, की गाडीने स्वतःच स्वतःची तपासणी करावी आणि बिघाड झाला तर चालवणाऱ्याला कळवावे. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या मोटारींना एकसारखे सॉकेट आणि एकसारखे संकेतांक सक्तीचे झाले. आपल्याकडे १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि ही पद्धत घरोघरी पोहोचली. तेव्हा हा दिवा मुळात धुराचा पहारेकरी आहे. 'आता इंजिन गेले' असे तो म्हणत नाही. 'मला काहीतरी वेगळे दिसते आहे, बघून घ्या' एवढेच तो म्हणतो.

पण त्याची भाषा समजून घेतली पाहिजे. पिवळा दिवा स्थिर असेल, गाडी नीट चालत असेल, तापमानाचा काटा जागेवर असेल, तर जपून पुढे जाता येते आणि लवकर तपासून घ्यायचे. दिवा लुकलुकत असेल तर मात्र पाय हलका करून सुरक्षित जागी थांबायचे, कारण न जळलेले पेट्रोल त्या कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि हजारोंचा भाग खलास होतो. आणि लाल दिवा, मग तो ऑईलच्या बुधलीचा असो की तापमानाचा, लागला तर वाद न घालता गाडी थांबवून इंजिन बंद करायचे. चिरंजीवाने घाटाच्या आधी थांबायला लावले ते या हिशोबानेच.

त्याने आपले छोटे यंत्र लावले. जांबोटीत माझ्या मोबाईलला रेंज नव्हती, पण या यंत्राला रेंज लागत नाही. संकेतांक आला, पी ०११३. दोन आठवड्यांपूर्वीचा ०३०२ नव्हे, निराळाच. तो वाचत होता, "एक म्हणजे हवा आणि इंधनाचं खातं. आत येणाऱ्या हवेचं तापमान मोजणारा सेन्सर." मग त्याने पडद्यावर चालू आकडे उघडले आणि मला मोबाईल दाखवला. इंजिनात जाणाऱ्या हवेचे तापमान, उणे ४० अंश!

मे महिना, जांबोटीची टपरी, माझ्या मानेवर घाम आणि गाडी म्हणते की आपण बर्फात उभे आहोत. लॉरीवाल्यांना सौ.ने कन्नडमध्ये सांगितले, तेव्हा तेही अवाक् झाले.

चिरंजीव मात्र शांतपणे म्हणाला, "उणे चाळीस आला म्हणजे सेन्सर खोटं बोलत नाहीये. त्याची तार तुटली किंवा सुटली की संगणकाला हाच आकडा दिसतो. म्हणून तो दुसरा ठरावीक आकडा धरून इंजिन चालवतोय. त्यामुळंच गाडी बंद पडली नाही." मग तो थोडा थांबला. "पण हा सेन्सर एअर फिल्टरच्या झाकणावर असतो. मी तर फिल्टरला हात लावला नाही. ते काम पुढच्या आठवड्यात करणार होतो."

वाचकहो, त्या क्षणी माझ्या पोटात जे झाले, ते उणे चाळीसपेक्षा कमी नसावे.

आदल्या संध्याकाळी तो कुंदा आणायला बाजारात गेला होता. उघड्या पडलेल्या हत्यारांच्या पेटीकडे बघून मलाही काहीतरी करावेसे वाटले. लांबचा प्रवास, निदान फिल्टरची धूळ झटकावी. झाकण उचलताना एक तार आडवी येत होती, म्हणून तिची क्लिप मी काढली. धूळ झटकली, झाकण लावले, क्लिप परत ढकलली. ती 'टक्' वाजून बसली का, हे मी ऐकले नव्हते. घरी कोणाला सांगितलेही नव्हते. सांगण्यासारखे त्यात काय होते?

गप्प राहता आले असते. "प्रवासात हादऱ्याने सुटली असेल" असे म्हणालो असतो तर कोणाला कळले नसते. पण वीस मिनिटांपूर्वी मी त्याला काय बोललो होतो, ते माझ्या कानात होते. मामांचे शब्दही होते. जिथे हात लागला तिथे आधी बघ. माझ्या हाताचा विचार मी केलाच नव्हता.

म्हणालो, "ती क्लिप मी काढली होती. काल संध्याकाळी." आणि मग, "ते विषयांचं जे बोललो, ते बोलायला नको होतं."

त्याने काही उत्तर दिले नाही. बॉनेटखाली वाकला, क्लिप एकदा पूर्ण काढली, आतल्या पिना वाकल्या नाहीत ना ते बघितले आणि दाबली. टक्! आवाज स्वच्छ आला. पडद्यावरचा आकडा उणे चाळीसवरून थेट अधिक ४१ वर गेला. बॉनेटखालच्या गरम हवेचे तापमान. तो म्हणाला, "आवाज ऐकलात? हा ऐकायचा असतो." तो पहिल्यांदा हसला. सौ.ने करदंटाचा डबा तिथेच फोडला. लॉरीवाल्यांनाही दिला.

संकेतांक त्याने आधी वहीत टिपून घेतला, मग इंजिन बंद ठेवून, फक्त चावी फिरवून पुसला. मी विचारले, "पुसलाच नसता तर?" म्हणाला, "दोष खरंच गेला असेल तर साधारण तीन वेळा गाडी व्यवस्थित चालली की दिवा आपोआप विझतो. पण पुसला की लगेच कळतं, परत येतो का ते. आणि चावी फिरवल्यावर इंजिन सुरू व्हायच्या आधी हा दिवा लागायलाच पाहिजे. नाही लागला तर तो मेलाय किंवा कोणीतरी मुद्दाम काढलाय." जुनी गाडी घेणाऱ्यांनी ही गोष्ट गाठीला बांधून ठेवावी. आम्ही ही गाडी घेतली तेव्हा मी सीटची कव्हरे आणि टेपरेकॉर्डर बघितला होता, दिवा नाही.

कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी पाच मिनिटे थांबलो. मलप्रभेचा उगम इथला. इथे उगवलेले पाणी पूर्वेला वळते, सौंदत्तीवरून पुढे जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते. पलीकडच्या डोंगरातली म्हादई मात्र पश्चिमेला उतरते आणि गोव्यात मांडवी होते. एकाच खानापूर तालुक्यातल्या या दोन नद्या, दोन दिशांना गेलेल्या. सौ.ने देवीला नारळ ठेवला. मी हात जोडले खरे, पण लक्ष गाडीकडे होते.

पुढे चोर्ला. कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा इथे एकमेकांना खेटून आहेत. दहा-पंधरा मिनिटांत पाट्यांवरची कन्नड जाते, देवनागरी येते, मोबाईलवर स्वागताचे निरोप येत राहतात. एरवी मी या वळणांवर दरी बघतो. त्या दिवशी माझा अर्धा डोळा त्या पिवळ्या दिव्याच्या रिकाम्या जागेवर होता. उतारावर चिरंजीव म्हणाला, "पप्पा, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. खालचा गिअर टाका." निमूटपणे टाकला. केरीच्या बाजूला अंजुणे धरणाचे पाणी दिसले, तेव्हा कुठे श्वास मोकळा झाला. दिवा काही लागला नाही.

साखळीला पोहोचलो तेव्हा सव्वानऊ झाले होते. अंगणात मांडव, आत्या नव्या नऊवारीत. तिने पहिला प्रश्न विचारला, "उशीर का रे?" मी म्हणालो, "गाडी बिघडली होती." "मग नीट कुणी केली?" मांडवात सगळे नातेवाईक होते. मी चिरंजीवाच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, "नीट यानं केली. बिघडवली मी." आत्याने त्याला जवळ घेतले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "लहानपणी घड्याळं उघडून ठेवायचास, ती अजून मिटली नाहीत."

बेळगावला परत आल्यावर मामांना सगळी हकिगत सांगितली. त्यांनी चिरंजीवाला एक जुनी, लांबट वही दिली. कारखान्यात प्रत्येक कामाबरोबर जॉब कार्ड फिरते, तशीच ही वही गाडीची. तारीख, किलोमीटर, काय उघडले, काय बदलले, कुठली क्लिप काढली, परत बसवली का आणि शेवटच्या रकान्यात हात कोणाचा. दिवा लागला की आधी ही वही उघडायची, मग पाकीट.

त्याने पहिल्या पानावर प्लगची नोंद केली, फरशीवर पडलेल्या प्लगसकट. दुसऱ्या ओळीत एअर फिल्टर. शेवटचा रकाना मोकळा ठेवून त्याने वही माझ्यापुढे सरकवली. मी सही केली. मग तो उठला, आत गेला आणि त्या राहिलेल्या दोन विषयांपैकी एकाचे पुस्तक घेऊन अंगणातल्या कट्ट्यावर येऊन बसला. मी काही विचारले नाही.